रबराचे वळ

1958-59 च्या मोसमात टॉप्स कंपनीने काढलेला बर्फावरच्या हॉकीच्या खेळाडूंच्या चित्रकार्डांचा सेट 66 कार्डांचा होता आणि त्यात 66 वा नंबर बॉबी हलचा. शिकागो ब्लॅक हॉक्सचा हा पोरगा तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा. पुढे त्याच्या फटक्यासमोर उभं राहायला भलेभले गोलरक्षक कचरले, पण ते नंतरचं. त्या वर्षी तो सेटमधलं शेवटचं कार्ड होता आणि शेवटचं कार्ड सगळ्यात जास्त मार खातं. पोरं कार्डं नंबरवार लावायची, गठ्ठ्याला रबर गुंडाळायची आणि गठ्ठा जॅकेटच्या खिशात, दप्तरात, गादीखाली, जागा मिळेल तिथे कोंबायची. मधल्या चौसष्टांना काही होत नसे. पहिल्याच्या तोंडावर आणि शेवटच्याच्या पाठीवर रबर रुतायचं. त्यामुळे हलचं हे पहिलं कार्ड, म्हणजे संग्राहकांच्या बोलीत ‘रूकी’, धड कडांचं मिळणं मुश्किल. मिळालंच तर किंमत ऐकून माणूस दोन पावलं मागे सरकतो.

मी त्या वाटेला जात नाही. मला रबराचे वळ उठलेलीच कार्डं हवी असतात.

परवडत नाही म्हणून केलेलं हे तत्त्वज्ञान आहे, असं माझ्या बायकोचं मत आहे. त्यात काहीच तथ्य नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण उद्या लॉटरी लागली तरी मी प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेला चकचकीत हल घेणार नाही, हेही तितकंच खरं. का, ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी मूळचा खडकीचा. धनराज पिल्ले जिथे घडला, ती खडकी. आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात एखादी तुटकी स्टिक असायची आणि प्रत्येक मोठा माणूस ‘अमुक साली मी नॅशनलला जाणार होतो’ असं सांगायचा. बर्फावरची हॉकी मी कॅनडात आल्यावर पाहिली. तीही सोमवारी सकाळी ऑफिसात चार शब्द बोलता यावेत म्हणून. सुरुवातीला पक (ती छोटी चकती) दिसायचाच नाही. सगळे एकदम ओरडले की गोल झाला असं समजायचं, एवढंच माझं ज्ञान. कार्डांकडे मला नेलं ते ऑफिसातल्या एका निवृत्तीला टेकलेल्या सहकाऱ्याने. टोरोंटो विमानतळाजवळ वर्षातून दोनदा कार्डवाल्यांची मोठी जत्रा भरते. तिथे तो मला सोबतीला घेऊन गेला. त्याला हवी होती ती त्याच्या लहानपणीची कार्डं, जशीच्या तशी, तेच खेळाडू, तीच वर्षं. एकेक कार्ड हातात घेऊन तो ‘हे होतं माझ्याकडे’ म्हणायचा आणि पैसे मोजायचा. तिथली बहुतेक गिऱ्हाइकं तशीच होती. पन्नाशी-साठीचे बाप्ये आपापलं बालपण हप्त्याहप्त्याने परत विकत घेत होते.

मला परत घ्यायचं असं तिथे काहीच नव्हतं. माझं बालपण ‘बिग फन’ बबलगमच्या वेष्टनात. त्यात क्रिकेटपटूंची चित्रं निघायची, त्यांवर धावा लिहिलेल्या असायच्या आणि ठरावीक धावा जमल्या की बक्षीस मिळायचं. त्यासाठी आम्ही दाताची पार वाट लावून घेतली. त्यातलं एकही चित्र आज माझ्याकडे नाही आणि त्याचं दुःखही नाही. म्हणजे दुसऱ्यांच्या आठवणींच्या बाजारात मी निव्वळ हौशी म्हणून उभा होतो. अशा माणसाला किमतीच्या पाट्यांपेक्षा पाट्यांमागचं जास्त दिसतं, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी एका टेबलाखाली बुटांच्या खोक्यात ‘कोणतंही दोन डॉलर’ असा ढीग होता. त्यातलं एक कार्ड मी उलटलं. पाठीवर एका पोराने शिसपेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि खाली, दुप्पट जोर लावून, ‘हात लावू नये’. ते मी घेतलं.

या कार्डांचा इतिहास तसा सोवळा नाही. सुरुवात सिगारेटच्या पाकिटातून झाली. 1910-11 च्या मोसमात सिगारेटबरोबर हॉकीपटूंची रंगीत कार्डं येऊ लागली. पहिला सेट 36 कार्डांचा. संग्राहक त्याला ‘सी 56’ म्हणतात. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलच्या इम्पीरियल टोबॅकोने 45 कार्डांचा सेट काढला, तो ‘सी 55’. त्यात जॉर्ज व्हेझिना या गोलरक्षकाचं पहिलं कार्ड आहे. हा मॉन्ट्रियलकडून सलग पंधरा वर्षं एकही सामना न चुकवता गोलात उभा राहिला. 1925 च्या नोव्हेंबरमध्ये सामना अर्धवट सोडून बाहेर गेला तो क्षयाने. चार महिन्यांनी गेला. उत्तम गोलरक्षकाला आज दिला जातो तो करंडक त्याच्याच नावाचा. फुप्फुसं पोखरली गेलेल्या या माणसाचं पहिलं चित्र सिगारेटच्या पाकिटातून घरोघरी पोचलं होतं, हे मला त्याच्या चित्राकडे बघताना दरवेळी आठवतं. माझ्याकडे ते नाही, अर्थात. काचेपलीकडून बघतो.

सिगारेटीकडून गाडी मिठाईकडे वळली आणि मग खरी मजा सुरू झाली, कारण आता गिऱ्हाईक पोरं होती आणि पोरांना फसवणं सोपं. ऑन्टॅरिओतल्या ब्रँटफर्ड गावात विल्यम पॅटरसन नावाची बिस्किटं-चॉकलेटांची कंपनी होती. तिने 1923-24 मध्ये 40 कार्डांचा सेट काढला. पूर्ण सेट जमवला की बक्षीस. आता सगळ्यांचाच सेट पूर्ण झाला तर कंपनीचं दिवाळं निघेल. म्हणून 25 नंबरचं कार्ड, बर्ट कॉर्बो नावाच्या बचावपटूचं, अगदी मोजकंच छापलं. 39 कार्डं घरात आणि चाळिसाव्यासाठी चॉकलेटामागून चॉकलेट, अशी किती पोरं त्या हिवाळ्यात झुरली असतील! बिचाऱ्या कॉर्बोचा यात काय दोष? तो आपला टोरोंटोकडून खेळत होता. 1942 मध्ये जॉर्जियन बे या उपसागरात त्याची बोट बुडाली आणि तो गेला. आज त्याचं कार्ड कॅनडातल्या सगळ्यात दुर्मिळ कार्डांपैकी एक मानलं जातं. त्याहून किती तरी मोठे खेळाडू त्याच सेटमध्ये आहेत. हॉवी मोरेंझचं पहिलं कार्ड त्यातलंच. पण भाव कॉर्बोला. खेळ बरा असण्यापेक्षा कंपनीने लबाडी करताना तुमचा नंबर निवडणं कधीकधी जास्त फायद्याचं ठरतं.

टोरोंटोजवळच्या आमच्या मिसिसागातच या छंदाचा एक चमत्कारिक धागा आहे आणि तो कार्डांच्या जातीचा नाही म्हणून जाणकार त्याला थोडं खालचं मानतात. पोर्ट क्रेडिटला सरोवराकाठी सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा कारखाना होता. 1889 मध्ये सुरू झालेला. मक्याचं पीठ आणि मक्याचं सिरप करायची. त्या सिरपचं नाव ‘बी हाइव्ह’. 1934 पासून कंपनीने टूम काढली. डब्याचा कागदी पट्टा कापून पाठवा, सोबत हव्या त्या खेळाडूचं नाव लिहा, टपालाने त्याचा फोटो घरी येईल. फोटो मोठा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. हे 1967 पर्यंत चाललं, म्हणजे तेहतीस वर्षं. यात नशिबाचा खेळ नव्हता. पाकीट फोडून नको तोच खेळाडू निघाला म्हणून रडणं नाही. हवा तो माणूस मागायचा आणि तो यायचा. मला हे फार सभ्यपणाचं वाटतं. कुठल्या तरी गव्हाच्या पट्ट्यातल्या शेतघरात आई पॅनकेकवर सिरप ओततेय आणि पोरगं डबा कधी संपतो याकडे डोळे लावून बसलंय, असं चित्र मी उगाचच रंगवत असतो. मी चालायला जातो तेव्हा लेकशोअर रस्त्यावरच्या त्या कंपनीच्या जुन्या कचेरीवरून जातो. कारखाना गेला, तिथे आता टुमदार घरं आहेत. कचेरीची इमारत तेवढी राखली आहे. त्या दारातून रोज पोत्यापोत्याने पत्रं आत जात असणार, आणि प्रत्येक पत्रात एका पोराने कुणाचं तरी नाव नीट स्पेलिंग बघून लिहिलेलं.

दुसऱ्या महायुद्धात कागद आटला आणि 1941 नंतर हॉकीची कार्डं जवळपास दहा वर्षं थांबली. याचा एक विचित्र परिणाम झाला. मोरीस रिशारने 1944-45 मध्ये 50 सामन्यांत 50 गोल केले. गॉर्डी हाओ 1946 पासून डेट्रॉइटकडून खेळत होता. दोघंही ऐन भरात, आणि कार्ड एकाचंही नाही. 1951-52 मध्ये पार्कहर्स्ट कंपनीने 105 छोट्या कार्डांचा सेट काढला तेव्हा कुठे त्यांची ‘रूकी’ कार्डं निघाली. रिशार तेव्हा तिशीत पोचला होता. नवशिका म्हणून तो चौथ्या नंबरवर आणि हाओ 66 व्या.

या पार्कहर्स्ट सेटवर माझा विशेष जीव. छपाई भडक. रंग एकमेकांत घुसलेले. कार्डं नीट पिसली जावीत म्हणून ती सिमेंट कालवायच्या यंत्रात घालून फिरवली होती, अशी गोष्ट संग्राहकांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्या सेटच्या कोपऱ्यांची अवस्था पाहिली की ती खरी वाटते. म्हणजे पोरांच्या हाती येण्याआधीच बिचारी ठेचकाळून आलेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या कार्डांची पाठ कोरी. आकडे, नाव, नंबर सगळं पुढच्या बाजूला. पोराच्या हाती कोरा कागद द्यायचा आणि त्याने त्यावर काही लिहू नये अशी अपेक्षा करायची, हे जमणारं नाही. माझ्याकडच्या काही कार्डांच्या पाठी अशा भरल्या आहेत. एकावर बेरजा आहेत, चुकीच्या. एकावर सामन्याचा स्कोअर. एकावर कुणाला किती कार्डं उधार दिली त्याचा हिशेब, आणि तो चुकता झालेला दिसत नाही.

याच सेटमध्ये 52 नंबरचं एक कार्ड आहे, ज्याच्यावर खेळाडू नाही, एक क्षण आहे. 21 एप्रिल 1951, टोरोंटोचं मेपल लीफ गार्डन्स. स्टॅनले करंडकाच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना. मालिकेतले पाचही सामने जादा वेळेत गेलेले. बिल बरील्को हा टोरोंटोचा बचावपटू. गोल करणं हे त्याचं काम नव्हतंच. पण तो धावत पुढे आला, फटका मारला, तोल जाऊन हवेत आडवा झाला आणि मॉन्ट्रियलच्या गोलात पक गेला. टोरोंटोने करंडक जिंकला. त्या क्षणाचं छायाचित्र या कार्डावर आहे. गोल होतोय आणि ज्याने तो मारला तो अजून जमिनीवर पडायचा आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरील्को एका दंतवैद्य मित्राबरोबर छोट्या विमानातून उत्तरेकडे मासेमारीला गेला आणि परतलाच नाही. मोठा शोध झाला. विमान सापडलं नाही. पोरं दुकानांत ही पाकिटं फोडत होती तेव्हा तो चोवीस वर्षांचा माणूस बेपत्ता होता, मेल्याचीही खात्री नव्हती. त्यानंतर टोरोंटोला करंडक मिळेना. 1962 च्या एप्रिलमध्ये मिळाला आणि दोन महिन्यांनी, जूनमध्ये, जंगलात विमानाचे अवशेष सापडले. मी शकुन-अपशकुन मानत नाही, पण हे टोरोंटोच्या कुणाही म्हाताऱ्याला सांगून बघा. माझ्या 52 नंबरच्या कार्डाला मधोमध आडवी घडी आहे. विकणाऱ्याने त्याबद्दल माफी मागत भाव निम्म्यावर आणला. मी काही बोललो नाही. माझ्या मनात आलं, कोणीतरी पैशाच्या पाकिटात जपून ठेवलं असेल, म्हणून घडी.

आता भावाचंच निघालं आहे तर ग्रेडिंगबद्दल बोलायलाच हवं. कार्ड ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे त्याची प्रत ठरवणाऱ्या, कंपनीकडे पाठवायचं. ते भिंगाखाली कोपरे, कडा, पृष्ठभाग, छपाई मध्यावर आहे की सरकलेली, हे बघतात. 1 ते 10 मध्ये गुण देतात आणि कार्ड प्लॅस्टिकच्या जाड डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. दहापैकी दहा म्हणजे जवळजवळ निर्दोष. कार्डावर कुणी पेनने काही लिहिलेलं असलं तर गुणांपुढे ‘एमके’ अशी दोन अक्षरं येतात, शाळेच्या दाखल्यावर शेरा मारावा तशी. आणि भाव धाडकन खाली. मूळ प्रश्न हा की या पद्धतीत दहा गुण कुणाला मिळतात? ज्या कार्डाशी एकही मूल खेळलं नाही त्याला. लहान मुलांसाठी काढलेली वस्तू, आणि सगळ्यात जास्त मोल तिला, जी लहान मुलाच्या हाताला लागलीच नाही.

याचं टोक म्हणजे वेन ग्रेट्झकी. 1979-80 च्या ओ-पी-ची सेटमधलं 18 नंबरचं कार्ड. निळी चौकट, एडमंटनचा गणवेश, आणि मान वळवून बघणारा अठरा वर्षांचा काटकुळा मुलगा. ओ-पी-ची ही ऑन्टॅरिओतल्या लंडन गावची कंपनी. ती कार्डं पात्याने न कापता तारेने कापायची म्हणतात. त्यामुळे कडा दातेरी, आणि निळ्या रंगाच्या कडेवर जरा टवका उडाला तरी पांढरं दिसतं. ही कार्डं निर्दोष असणं जवळपास अशक्य. 2021 पर्यंत दहापैकी दहा मिळालेली जगात दोनच होती. त्यातलं एक डिसेंबर 2020 मध्ये 12 लाख 90 हजार अमेरिकी डॉलरला गेलं. तेच 2021 च्या मे महिन्यात 37 लाख 50 हजारांना. पुढे रजायना शहरातल्या एका घरात 1979-80 च्या कार्डांचं न उघडलेलं अख्खं खोकं निघालं. आत 16 पेट्या, पेटीत 48 पाकिटं, पाकिटात 14 कार्डं. दहा हजारांहून जास्त कार्डं आणि त्यातली किती ग्रेट्झकीची हे कुणालाच माहीत नव्हतं. खोकं 2024 मध्ये लिलावात 37 लाखांवर गेलं. त्यात ग्रेट्झकी किती ते कळायला खोकं फोडावं लागणार होतं आणि फोडलं की ते न उघडलेलं खोकं राहणार नव्हतं. मी गणिताचा माणूस आहे, पण हे गणित मला वेदान्ताकडे नेतं.

ग्रेट्झकीचं गाव ब्रँटफर्ड, तेच, कॉर्बोचं कार्ड चोरून ठेवणाऱ्या पॅटरसनचं. हे असं काही जुळून आलं की मी एकटाच खूश होतो. घरात सांगितलं तर ‘बरं’ असं उत्तर येतं.

त्याच 1979-80 च्या सेटमध्ये 175 नंबरला गॉर्डी हाओ आहे. हो, तोच, 1951 वाला. मधे निवृत्त झाला, मग दुसऱ्या लीगमध्ये स्वतःच्या मुलांबरोबर खेळायला परत आला. ती लीग बंद पडून तिचे चार संघ मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, आले, त्यातल्या हार्टफर्डबरोबर हाही आला. वय एक्कावन्न. त्या मोसमात सगळे 80 सामने खेळला आणि 15 गोल केले. हे त्याचं खेळाडू म्हणून शेवटचं कार्ड. केस पांढरे, कोपरं मात्र अजून तशीच धारदार, असं त्याच्याविरुद्ध खेळलेले सांगायचे. बॉबी हलचं शेवटचं कार्डही त्याच सेटमध्ये. म्हणजे एका पाकिटातून एकाचा उदय आणि दोघांचा अस्त निघू शकत होता. ग्रेट्झकीच्या किमतीच्या तुलनेत हाओचं ते कार्ड फुकट म्हणावं इतकं स्वस्त. माझ्याकडे एकाहून जास्त आहेत आणि त्यातल्या एकाच्या तोंडाला निळ्या बॉलपेनने काढलेल्या मिशा आहेत.

जुनी कार्डं महाग का, याचं इथल्या बाजारात सगळे एकमुखाने एकच कारण सांगतात. आई. मुलगा कॉलेजला गेला, लग्न करून गेला, आईने खोली आवरली आणि खोकं कचऱ्यात. म्हणून उरली ती थोडी आणि म्हणून महाग. ही तक्रार करताना सत्तरीतल्या माणसाचाही आवाज चढतो. हे मी माझ्या आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मग काय चुकलं तिचं? तुझ्या त्या बबलगमच्या चिठ्ठ्यांना मुंग्या लागल्या होत्या. रद्दीवाल्याने त्यासुद्धा घेतल्या नाहीत.” थोडं थांबून तिने विचारलं, “का रे, आता त्याचे पैसे मिळतात?” मी नाही म्हणालो. तिला हायसं वाटल्याचं जाणवलं.

आयांची बाजू घ्यायला एक पुरावाही आहे. 1990 च्या सुमाराला लोकांना कळलं की जुन्या कार्डांना पैसे येतात. झालं. 1990-91 मध्ये चार-पाच कंपन्या एकदम बाजारात उतरल्या, कार्डं अमाप छापली गेली आणि एकाही आईने ती टाकली नाहीत. उलट बापांनीच पेट्या विकत घेऊन माळ्यावर ठेवल्या, पोराच्या शिक्षणाला होतील म्हणून. आज त्या पेट्या जत्रेत दाराशी रचलेल्या असतात आणि चहाच्या पैशांत मिळतात. सगळ्यांनीच जपलं की जपण्याला किंमत उरत नाही, आणि त्या पोरांना ती कार्डं धड हाताळताही आली नाहीत.

एक गोष्ट मला अधूनमधून टोचते, ती लपवत नाही. मी जी कार्डं जमवतो त्यात माझ्यासारखा चेहरा कुठेच नाही. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनएचएलमध्ये उतरला तो 1989 मध्ये, रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियातल्या डंकन गावचा पंजाबी मुलगा, वॉशिंग्टनकडून. लॅरी क्वाँग हा चिनी वंशाचा खेळाडू त्याच्या आधी चाळीसेक वर्षं, 13 मार्च 1948 ला, न्यूयॉर्ककडून बर्फावर उतरला. तिसऱ्या डावाच्या शेवटी एक मिनिट. मग पुन्हा कधीच नाही. ते साल कार्डं बंद असलेल्या वर्षांतलं. म्हणजे त्या मिनिटाचं कार्ड निघण्याचीही सोय नव्हती. मी ज्या पोरांच्या पेन्सिलीच्या खुणा जमवतो, ती बहुतेक गोरी असणार, आणि त्यातल्या एखाद्याच्या घराशेजारी मी 1955 मध्ये राहायला गेलो असतो तर त्याने मला कार्ड बदलायला अंगणात घेतलं असतं का, हे मला सांगता येत नाही. तरी कार्डं मी जमवतोच. खडकीच्या मैदानावरही आम्ही कुणाकुणाला खेळायला घेत नव्हतो, ते मला चांगलं आठवतं.

आमच्या शेजारी सांगलीकडचं एक कुटुंब राहतं. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा गोलरक्षक आहे. पहाटे साडेपाचला बाप डोळे चोळत त्याला रिंकवर नेतो, मुलापेक्षा त्याची बॅग मोठी. परवा गणपतीच्या आरतीला आले होते. मोठ्यांच्या गप्पा सुरू झाल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि अल्बम चाळायला लागला. गंप वर्स्लीच्या कार्डाशी थांबला. 1962-63 चं टॉप्सचं कार्ड, न्यूयॉर्क रेंजर्सचा गणवेश, गोल चेहरा, बारीक केस.

“काका, याचा मास्क कुठंय?”

मी त्याला सांगितलं की तेव्हा बहुतेक गोलरक्षक उघड्या तोंडाने खेळायचे. 1 नोव्हेंबर 1959 ला मॉन्ट्रियलच्या जाक प्लांटच्या तोंडावर पक बसला, टाके पडले आणि तो मास्क घालून परत आला, तेव्हापासून मास्क रुळायला लागला. हा वर्स्ली मात्र 1973-74 पर्यंत, कारकिर्दीच्या अगदी शेवटच्या मोसमापर्यंत, तसाच खेळला. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. त्याने स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला. मग त्याला ते दिसलं. कार्डावरचं ‘रेंजर्स’ पेनने खोडून वर कुणीतरी वाकड्या अक्षरांत ‘कॅनेडियन्स’ लिहिलं होतं.

“हे कोणी केलं?”

1963 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कने वर्स्लीला मॉन्ट्रियलकडे दिलं आणि बदल्यात प्लांटला घेतलं. मास्कवाला तिकडे आणि बिनमास्कवाला इकडे. ज्या पोराचं हे कार्ड होतं त्याने बातमी ऐकली असेल आणि बसल्या जागी कार्ड दुरुस्त केलं असेल. त्याच्या दृष्टीने ते खराब झालंच नव्हतं.

“मला हे पाहिजे,” तो म्हणाला. मी नाही म्हणालो. त्याने फोन काढला, दोन मिनिटांत भाव शोधला आणि मला सांगितलं की लिहिलेलं असल्यामुळे याला ‘एमके’ मिळेल, फार पैसे येणार नाहीत, मी उगाच भाव खातोय. मग देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली. त्याने आधी ऑस्टन मॅथ्यूज या आजच्या खेळाडूचं एक साधं कार्ड पुढे केलं. मी हललो नाही. मग दोन. मग कॉनर मॅकडेव्हिडचं, कडक प्लॅस्टिकमध्ये ठेवलेलं. शेवटी सौदा मॅकडेव्हिडवर ठरला. मी एकच अट घातली. मॅकडेव्हिडच्या कार्डाच्या पाठीवर त्याने पेनने स्वतःचं नाव आणि आजची तारीख लिहून द्यायची.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर त्याने कार्ड मागे ओढलं.

“वेडे आहात का काका? व्हॅल्यू जाईल ना!”